पब्लिक शाळेत पोरं सगळ्या रंगांची, शिक्षक मात्र गोरेच. फरक पडतो का?

सेंट्रलजर्सीकर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगी आता मिडल स्कूलला. शाळेत निम्म्याहून जास्त पोरं देसी नाहीतर चिनी, बाकी हिस्पॅनिक, ब्लॅक, आणि थोडी गोरी. पण तिला केजीपासून आजपर्यंत एकही देसी शिक्षक मिळालेला नाही, देसी सोडा, आशियाईच नाही. ब्लॅक म्हणाल तर जिमचे कोच, आणि स्पॅनिशच्या बाई कोलंबियाच्या, संपलं.
राज्याच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट असतो, त्यात मुलांचं आणि शिक्षकांचं वांशिक प्रमाण दिलेलं असतं. ते उघडून बघितलं आणि मग नादच लागला. आमच्याच शाळेचं नाही, सगळ्या देशात हेच चाललंय. फेडरल आकड्यांप्रमाणे २०२०-२१ ला पब्लिक शाळांतले ८० टक्के शिक्षक गोरे, हिस्पॅनिक ९, ब्लॅक ६, आशियाई २. आणि मुलांमध्ये गोरी निम्म्याहून कमी, हिस्पॅनिक २८ टक्के, ब्लॅक १५, आशियाई ५.
शिक्षिका सगळ्या चांगल्या आहेत हो, तक्रार काहीच नाही. म्हणूनच विचारतोय, फरक पडतो का? बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या (गावातल्या शाळा चालवणारं मंडळ) मीटिंगला हा विषय काढावा असं मला वाटतंय, बायकोचं म्हणणं उगाच डोळ्यावर येऊ नकोस.

चहाटळ
पहिला!! चिवडा घेऊन बसलोय.

झक्कास_पाटील
फरक काय पडायचाय? गणित येतं का, शिकवता येतं का, पोरांवर माया आहे का, एवढं बघायचं. आमच्या गावी हायस्कुलात सगळे मास्तर एकाच आळीतले होते, आम्ही काय बिघडलो का. हा डायव्हर्सिटीचा चष्मा लावला की माणूस दिसायचं बंद होतं फक्त रंग दिसतो. चांगल्या शिक्षिका आहेत म्हणतोस, मग गप बस की राव.

तिरकस
पाटील, "सगळे मास्तर एकाच आळीतले होते आणि आम्ही काय बिघडलो" हे वाक्य त्याच वर्गात दुसऱ्या आळीतून येऊन बसणाऱ्या पोराला विचारून बघा एकदा. हलके घ्या.

बेएरियावाली
वाचते आहे. आमच्याकडे कॅलिफोर्नियात परिस्थिती जरा बरी आहे, हिस्पॅनिक शिक्षक भरपूर, मुलाच्या शाळेत चिनी आणि फिलिपिनो शिक्षिकाही आहेत. देसी मात्र इथेही दुर्मिळच. गंमत म्हणजे शाळा सुटली की कुमॉन, ॲबॅकस, रोबोटिक्स, चेस सगळीकडे शिकवणारे देसीच. सकाळी आठ ते तीन आपण कुठे असतो कोण जाणे.
ते नावाचा उच्चार चुकतो वगैरे मुद्दा कोणीतरी आणणारच आहे म्हणून आधीच सांगते, मला तो ओव्हररेटेड वाटतो. माझ्या नावाचा उच्चार दिल्लीच्या मॅनेजरला पण येत नाही.

शार्लटची_सून
पाटील, फरक पडतो की नाही हे मोजलंय लोकांनी, आणि आमच्याच राज्यात मोजलंय म्हणून सांगते. नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांच्या नोंदी घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी बघितलं की तिसरी ते पाचवीत ज्या ब्लॅक मुलांना निदान एक ब्लॅक शिक्षक मिळाला त्यांचं पुढे काय झालं. अगदी गरीब घरातल्या ब्लॅक मुलग्यांमध्ये हायस्कूल अर्धवट सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. एकोणचाळीस! पाच वर्षं नाही, सगळ्या विषयांना नाही, त्या तीन इयत्तांत एक शिक्षक. हा पेपर २०१७ चा.
दुसरं ऐकीव नाही, शेजारचं. आमच्या शेजारी एक ब्लॅक आजी राहतात, रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या मावशी काळ्या मुलांच्या शाळेत प्रिन्सिपल होत्या. शाळा एकत्र झाल्या तेव्हा त्यांची शाळा बंद, मुलं सगळी गोऱ्यांच्या शाळेत, आणि या मावशींना तिथे काम काय, तर पुस्तकांच्या खोलीची किल्ली सांभाळायची. मास्टर्स केलेली बाई. आजी हे सांगताना आवाज चढवत नाहीत पण हातातलं विणकाम थांबतं.

झक्कास_पाटील
@शार्लटची_सून, असल्या अभ्यासांवर माझा फार भरवसा नाही. ज्या शाळेत ब्लॅक शिक्षक असतो ती शाळाच वेगळी असेल, प्रिन्सिपल चांगला असेल, दहा कारणं निघतील. मी डेटावर पोट भरतो, मला शिकवू नका 😄

खडूस_आजोबा
पाटील, डेटावर पोट भरता तर हेही माहीत असायला हवं. टेनेसीत १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला होता, खरं तर वर्गातली पटसंख्या कमी केली तर काय होतं हे बघायला. अकरा हजारांवर मुलं आणि कुठलं मूल कुठल्या शिक्षकाकडे हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. म्हणजे तुमची ती दहा कारणं आपोआप निकालात निघतात. त्याच आकड्यांवरून नंतर निघालं की आपल्या वंशाचा शिक्षक मिळालेल्या मुलांचे गुण वाढले, काळ्यांचे काळ्या शिक्षकांकडे आणि गोऱ्यांचे गोऱ्यांकडे. दोन्हीकडे. म्हणजे गोरी मुलं हा फायदा रोज फुकट घेतच असतात, कोणाच्या लक्षात येत नाही एवढंच.
पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या प्रयोगातली जवळजवळ सगळी मुलं काळी किंवा गोरी. त्यामुळे आपल्या स्पेलिंग बी वाल्या चिरंजीवांना हा हिशोब जसाच्या तसा लावू नका. आपली पोरं गोऱ्या शिक्षिकांची लाडकी असतात. काळ्या मुलाला त्याच वर्गात काय वाटतं हा निराळा प्रश्न आहे आणि धागाकर्त्याने दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत भरले आहेत.

सेंट्रलजर्सीकर
आजोबा, मान्य आहे की दोन प्रश्न आहेत. पण शार्लटच्या ताईंनी सांगितलेला मुद्दा मला पूर्णच नवीन आहे. शाळा एकत्र झाल्या म्हणजे शिक्षकही एकत्र झाले असतील असंच मी धरून चाललो होतो.

शार्लटची_सून
सगळ्यांना तसंच वाटतं. सुप्रीम कोर्टाने १९५४ च्या ब्राऊन निकालात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण त्यात मुलांबद्दल लिहिलं होतं, शिक्षकांबद्दल नाही. मग दक्षिणेतल्या बोर्डांनी काय केलं, काळ्या शाळा बंद केल्या, मुलं हलवली आणि शिक्षकांना घरी बसवलं. १९५४ ते १९६५ मध्ये सतरा राज्यांत मिळून साधारण ३८ हजार ब्लॅक शिक्षक आणि प्रिन्सिपल यांच्या नोकऱ्या गेल्या असा आकडा सगळीकडे दिला जातो.
आणि निकालाची वाट पण नाही बघितली. खुद्द कॅन्ससमधलं टोपीका, जिथून ती केस गेली, तिथल्या सुपरिंटेंडंटने मार्च १९५३ मध्येच एका ब्लॅक शिक्षिकेला पत्र धाडलं होतं, की कोर्टाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तर गोऱ्या मुलांसाठी काळे शिक्षक ठेवायला गावातले बहुतेक लोक तयार होणार नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी तुमची गरज लागणार नाही. तुमच्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे हेही वर लिहिलं होतं. कसं सभ्य पत्र!
आणि या शिक्षिका कमी शिकलेल्या नव्हत्या बरं का. दक्षिणेतली राज्यं त्यांना आपल्या युनिव्हर्सिटीत घेत नव्हती, उलट बाहेर जा म्हणून पैसे द्यायची, मग या बायका उन्हाळ्यात न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत जाऊन मास्टर्स करायच्या. गोऱ्या शाळेतल्या शिक्षकांपेक्षा पुष्कळदा जास्त शिकलेल्या.

चहाटळ
चिवडा संपला, पण आता मजा करायचा मूड पण गेला.

ॲड_नागपुरी
कायद्याच्या बाजूने थोडं. धागाकर्ते मिडलसेक्स काउंटीतले आहेत म्हणून विशेष, कारण या विषयातला एक गाजलेला खटला त्यांच्या अंगणातला आहे, पिस्कॅटवेचा. १९८९ साली तिथल्या हायस्कूलच्या बिझनेस विभागात एक शिक्षक कमी करायचा होता. सर्वात ज्युनियर दोघी, एक गोरी एक काळी, दोघी नऊ वर्षांपूर्वी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, कामही बोर्डाच्या मते तोलामोलाचं. एरवी असा तिढा आला की चिठ्ठी टाकायचे. या वेळी बोर्ड म्हणालं विभागात काळ्या बाई एकट्याच आहेत, त्यांना ठेवू. गोऱ्या बाई कोर्टात गेल्या. १९९६ ला अपील कोर्टात बोर्ड हरलं, निव्वळ डायव्हर्सिटीसाठी असं करता येत नाही म्हणून. सुप्रीम कोर्टात सुनावणी व्हायच्या आत, १९९७ ला, ४ लाख ३३ हजार ५०० डॉलरवर तडजोड झाली, आणि त्यातले ७० टक्के सिव्हिल राइट्सवाल्या संघटनांनी भरले. का, तर सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशासाठीच काही उलटं लिहून ठेवू नये म्हणून. पैसे देऊन खटला मागे घेतला.
सांगायचा मुद्दा, बोर्डाच्या मीटिंगला उभं राहून "देसी शिक्षक घ्या" म्हणालात तर त्यांचा वकील हसेल. रंग बघून घेता येत नाही आणि रंग बघून काढताही येत नाही. जाहिरात कुठे देता, अर्ज कुठून येतात, इंटरव्ह्यूला कोण बसतं, हे मात्र विचारता येतं.

मेळघाटी_गुरुजी
मी अमेरिकेत नाही, अमरावती जिल्ह्यात झेडपीचा शिक्षक आहे, तरी बोलू द्या. माझ्या वर्गात पहिलीला येणारी पोरं घरी कोरकू बोलतात. मी पहिल्या वर्षी "पाटी काढा" म्हणलं तं अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहे. आता मला कामापुरती कोरकू येते, पोरांनीच शिकवली. पण जवळच्या एका शाळेत कोरकू समाजातले गुरुजी आहेत, त्यांच्या वर्गात जो गोंगाट आहे ना तो माझ्या वर्गात येत नाही. माझी पोरं शिस्तीत बसतात कारण त्यांना बोलायची चोरी वाटते. अधिकारी येऊन माझीच तारीफ करून जाते.
आमच्याकडे भरती बिंदुनामावलीने (आरक्षणाच्या क्रमाने) होते, सरकारच्या पवित्र पोर्टलवरून. त्यामुळे आदिवासी शिक्षक आहेत, पण कोरकू पोराच्या नशिबी नंदुरबारचे भिल्ल गुरुजी येऊ शकतात आणि तिकडच्या पोरांना आमच्याकडचे. कागदावर दोघंही एसटी. तुमच्या तिकडे "आशियाई" मध्ये चिनी, देसी, फिलिपिनो सगळे एका रकान्यात टाकतात तसंच झालं की हे.

तिरकस
गुरुजी, साष्टांग. "शिस्तीत बसतात कारण बोलायची चोरी वाटते" हे इथल्या प्रत्येक पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला लागू आहे. "युवर सन इज सो क्वायट अँड वेल बिहेव्ड" ऐकून आपण खूश होऊन घरी येतो.

ॲड_नागपुरी
गुरुजींच्या प्रतिसादाला जोडून, अवांतर होईल पण लिहितो. आंध्रात अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या शंभर टक्के जागा स्थानिक आदिवासींना देणारा २००० सालचा आदेश होता. कारण हेच दिलं होतं, बाहेरचे शिक्षक येत नाहीत, आले तर टिकत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला, शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही म्हणून. झालेल्या नेमणुका मात्र अटी घालून राहू दिल्या. तेव्हा पिस्कॅटवे असो की आंध्र, कोर्टापुढे हा प्रश्न नोकरी कोणाला याचाच होऊन बसतो, वर्गातलं पोर तिथे पक्षकार नसतं.

झक्कास_पाटील
बरं, काळ्या मुलांबाबतीत मानतो, आकडे आहेत. गुरुजींचंही पटलं, भाषेचा प्रश्न आहे तो. पण आपल्या पोरांचं काय? आपली पोरं टॉपला, एपी क्लासेस (हायस्कुलातले कॉलेजच्या पातळीचे) भरलेले. आपल्याला कशाला हवा देसी मास्तर? मार्कांना तर धक्का नाही लागला.

रसायनमावशी
बराच वेळ गप्प होते, आता लिहिते. मी तो दुर्मिळ प्राणी आहे, न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमधली देसी शिक्षिका. केमिस्ट्री शिकवते. आधी ठाण्याला ज्युनियर कॉलेजला होते.
इथे यायचा रस्ता आहे, अल्टरनेट रूट म्हणतात, न्यू जर्सीने तर तो १९८५ पासून ठेवलाय. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटा इव्हॅल्युएट करून घ्यायच्या, विषयाची प्रॅक्सिस (शिक्षकांची परीक्षा) द्यायची, पन्नास तासांचा कोर्स, मग सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी हातात पडतं. त्यानंतर खरी परीक्षा, ज्याला तुम्ही हवे आहात असा प्रिन्सिपल शोधायचा. मग दोन वर्षं प्रोव्हिजनल, दिवसा शिकवायचं, संध्याकाळी स्वतःचे क्लास, मेंटर डोक्यावर. मी गेले तेव्हा तो एडटीपीए नावाचा प्रकार पण होता, स्वतःच्या शिकवण्याचे व्हिडिओ काढून पानंच्या पानं लिहून पाठवायची. २०२२ च्या शेवटी तो काढला, आणि लिहिता-वाचता-गणित येतं का याची जी प्राथमिक प्रॅक्सिस होती ती पण २०२५ च्या जानेवारीपासून काढून टाकली. तेव्हा "परीक्षा फार कठीण" ही सबब आता उरलेली नाही.
आता मनातलं. पहिल्या वर्षी बॅक टू स्कूल नाइटला मला सगळ्यात वाईट वागणूक कोणी दिली असेल? आपल्याच लोकांनी. एक गृहस्थ मागच्या बाकावरून उठून पुढे आले, शर्टाला ऑफिसचा बॅज तसाच, आणि हिंदीत हळू आवाजात विचारलं, "मॅडम, आपने डिग्री यहाँ से की है ना?" मी म्हटलं नाही, मुंबईहून. दुसऱ्या दिवशी काउन्सेलरकडे त्यांचा ईमेल, मुलीचा सेक्शन बदलून हवाय. शेजारच्या वर्गात एक गोरा मुलगा शिकवत होता, त्याचंही पहिलंच वर्ष. त्याला कोणी डिग्री विचारली नाही.
मुलांचं म्हणाल तर पाटील, मार्कांचं मला नाही सांगता येणार. पण माझ्या वर्गात जेवणाच्या सुट्टीत डबा खायला पोरं येतात. देसीच नाही, सगळी येतात, पण देसी पोरी जे बोलतात ते काउन्सेलरशी बोलत नाहीत. घरात मेडिसिनचा धोशा आहे, आजी आजारी आहे आणि आई महिनाभर भारतात आहे, असलं. हे त्या गोऱ्या बाईंना सांगितलं तर त्या घाबरून फॉर्म भरतील असं पोरींना वाटतं. मला सांगतात कारण मला "महिनाभर आई नाही" याचा अर्थ कळतो.

बेएरियावाली
मावशी, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय.

काहीतरी_नाव
आमच्या टाउनच्या देसी पेरेंट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या वर्षी हेच. मॅथला ब्लॅक शिक्षक आले तर लगेच "इसका बॅकग्राउंड चेक करो", "ये [शब्द काढला] को किसने रखा". एवढे शिकलेले लोक. नंतर कळलं त्यांनी इंजिनियरिंग केलंय आणि मॅथ ऑलिम्पियाडची टीम तेच घेतात, मग सगळे त्यांच्याकडे आपलं पोर घ्या म्हणून लाइनीत.

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादातला एक शब्द काढला आहे. दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही तो इथे नको. चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

तिरकस
म्हणजे आपल्याला डायव्हर्सिटी हवी, पण आपल्या पोराच्या वर्गात आलेली नको. धागाकर्त्याने बोर्डाकडे जायच्या आधी त्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे जावं.

खडूस_आजोबा
मी याहून खडूस प्रश्न विचारतो. या धाग्यावर अमेरिकेतले एवढे आईबाप आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या पोराला कधी म्हटलंय, बाळा शाळेत शिक्षक हो? शिक्षक आभाळातून पडतात का? कोणाच्या तरी घरातूनच जाणार ना. ८० टक्के गोरे आहेत म्हणून बोंब मारताना आपल्या घरातून शून्य टक्के चाललेत हे कोणी सांगायचं? सावित्रीबाईंचा फोटो मंडळाच्या हॉलमध्ये लावता आणि पोरगी शिक्षिका होते म्हणाली की घरात सुतक.

नाव_गुप्त_आई
आजोबा, माझ्यावरच बाण मारलात. मुलगी रट्गर्स युनिव्हर्सिटीला, बायोलॉजी करता करता एज्युकेशनकडे वळायचं म्हणते. नवऱ्याने दोन दिवस जेवण नीट केलं नाही. मी वरवर सपोर्ट करते पण खरं सांगू, भिशीत सांगायची वेळ आली तर "शी इज एक्सप्लोरिंग" म्हणते. सुरुवातीला पंचावन्न-साठ हजार पगार, तिच्या बरोबरीची पोरं कॉम्प्युटर सायन्स करून त्याच्या दुप्पट. पेन्शन आहे, चार वर्षांनी टेन्युअर म्हणजे पक्की नोकरी आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, हे सगळं मला पाठ आहे, ती रोज सांगते. तरी पण.

रसायनमावशी
@नाव_गुप्त_आई, तिला माझ्या वर्गात पाठवा एक दिवस. एक तर पक्की होईल नाहीतर पळून जाईल, दोन्ही चांगलंच.

झक्कास_पाटील
आजोबा, पैशाचा मुद्दा आला म्हणून, ब्लॅक आणि हिस्पॅनिक लोकांचं पण तेच असणार ना? जो हुशार आहे त्याला आता बँकेत, टेकमध्ये, वकिलीत दारं उघडी आहेत. पूर्वी शिकलेल्या काळ्या माणसाला शाळा आणि चर्च सोडून जागाच नव्हती. मग शिक्षक कमी होणारच. यात भेदभाव कुठे?

शार्लटची_सून
पाटील, या वेळी तुमच्याशी अर्धी सहमत. दारं उघडली हे खरंच आहे. पण जे आत येतात ते टिकत का नाहीत ते बघा. ब्लॅक पुरुष शिक्षक देशात दोन टक्क्यांहूनही कमी. माझ्या मुलाच्या शाळेत एक होते, सोशल स्टडीजचे. कुठल्याही वर्गातला ब्लॅक मुलगा दंगा करायला लागला की पाठव त्यांच्याकडे, भांडण झालं बोलवा त्यांना, कुठल्या ब्लॅक आईला फोन करायचाय, तुम्हीच करा. वर ब्लॅक हिस्टरी मंथचा कार्यक्रम. पगार तेवढाच. जॉन किंग ओबामांच्या काळात शिक्षण सचिव होते, त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की हा या शिक्षकांवर बसलेला न दिसणारा कर आहे. तीन वर्षांनी सर गेले, आता इन्शुरन्स कंपनीत ट्रेनिंग देतात, आणि रात्री झोप लागते म्हणाले.
आमच्या शेजारच्या राज्यात, साऊथ कॅरोलिनात, क्लेमसन युनिव्हर्सिटीने २००० पासून कॉल मी मिस्टर म्हणून कार्यक्रम चालवलाय, प्राथमिक शाळांसाठी ब्लॅक मुलगे तयार करायचे. फीसाठी मदत आणि एकमेकांना धरून राहणारा ग्रुप. एकटं पडू द्यायचं नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

ॲड_नागपुरी
आणि परीक्षा सगळ्यांना सारखी असते हेही तेवढं सरळ नाही. न्यूयॉर्क शहराने वर्षानुवर्षं शिक्षकांना एक जनरल नॉलेज टाइप परीक्षा लावली होती. गोऱ्यांच्या मानाने ब्लॅक आणि लॅटिनो उमेदवार फार जास्त नापास व्हायचे. २०१२ ला फेडरल जज म्हणाल्या की त्या परीक्षेचा शिकवण्याच्या कामाशी संबंध आहे हे कोणी सिद्धच केलेलं नाही. आता शहर पाच हजारांवर लोकांना मिळून १८० कोटी डॉलर देतंय. त्यातले कित्येक तोवर रिटायर व्हायच्या वयाला आले होते.

बेएरियावाली
पण आत्ताचं वारं बघता हा विषय काढायची ही वेळ आहे का? फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल शिक्षण खात्याने शिक्षक तयार करणाऱ्या कार्यक्रमांची साठ कोटी डॉलरची अनुदानं डीईआयच्या (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन) नावाखाली बंद केली, आणि एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने त्यातली काही राज्यांची तूर्तास बंद ठेवू दिली. त्यात साधे टीचर रेसिडेन्सीचे (वर्गात काम करत शिकायचे) कार्यक्रम पण गेले. आमच्या ओळखीची एक मुलगी अर्ध्यात अडकली. आणि देशाबाहेरून शिक्षक आणायचे म्हटलं तर नवीन एच-वन-बी व्हिसाला सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरची फी लावली, कुठलं स्कूल डिस्ट्रिक्ट भरणार?

मेळघाटी_गुरुजी
एक लाख डॉलरात आमची अख्खी केंद्रशाळा नवीन होते हो बाप्पा.

चहाटळ
गुरुजींना न्यू जर्सीला आणायचा प्लॅन कॅन्सल.

सेंट्रलजर्सीकर
सगळ्यांचे आभार. धागा कुठून कुठे गेला, पण मला हवं ते मिळालं. मीटिंगला जायचं ठरवलंय. पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं देतात. आता "देसी शिक्षक का नाहीत" असं न विचारता हे विचारणार आहे: गेल्या काही वर्षांत किती अर्ज आले, इंटरव्ह्यूला किती जणांना बोलावलं, आणि किती घेतले, हे वंशानुसार सांगा. आणि जे सोडून गेले ते का गेले हे कोणी विचारतं का. वकीलसाहेब, चालेल ना?

ॲड_नागपुरी
चालेल. एक वाढवा, शाळेतले पॅरा. वर्गात मदतनीस म्हणून असतात त्या बायका. त्यांच्यात सगळ्या रंगांच्या दिसतील, भाषा येतात, मुलं ओळखीची आहेत. त्यांना शिक्षक व्हायला डिस्ट्रिक्ट फी देतं का विचारा. त्यात कोणाचा रंग बघावा लागत नाही आणि कोणी कोर्टातही जात नाही.

झक्कास_पाटील
हे पटलं. आधीच असं बोलला असतात तर मी एवढं टाइपच केलं नसतं. आणि फक्त आपल्या पोरांसाठी बोलू नकोस रे तिथे, कोलंबियाच्या बाई आणि जिमचे कोच यांनाही विचार आधी. नाहीतर उगाच त्यांच्या मानेवर ठेवून बंदूक चालवलीस असं होईल.

रसायनमावशी
सेंट्रलजर्सीकर, मागे एका दुसऱ्या धाग्यावर तुम्ही लिहिलं होतंत की मिसेसनी कोल्हापूरला बीएड केलंय आणि शिकवलंय पण. त्या काय करतात सध्या?

सेंट्रलजर्सीकर
मावशी, तुमची मेमरी! ग्रीन कार्ड आत्ताच आलंय, इतकी वर्षं घरीच होती. बीएस्सी मॅथ्स, बीएड. मी तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाली त्या माणसाने डिग्री विचारली ते नको वाचूस, पुढचं वाच.

रसायनमावशी
मग मीटिंगला तुम्ही जा, त्यांना आधी सब म्हणून उभं करा. न्यू जर्सीत सबस्टिट्यूटला साठ कॉलेज क्रेडिट लागतात, बीएस्सीचं इव्हॅल्युएशन केलं की झालं, आणि फिंगरप्रिंटिंग. दोन-तीन महिन्यांत त्यांना कळेल इथली पोरं झेपतात का. मॅथच्या सबला तर डिस्ट्रिक्ट फोन करून करून बोलावतात. सर्टिफिकेटचं नंतर बघू, मला मेसेज करा.

खडूस_आजोबा
आणि बायको वर्गात उभी राहिली की डोळ्यावर कोण येतंय ते बघा.

सेंट्रलजर्सीकर
😄 ती हो म्हणतेय. फक्त आता खरा अडथळा, शिवाजी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला किती दिवस लागतात कोणाला माहीत आहे का?

काहीतरी_नाव
ऑनलाइन अर्ज करून वाट बघत बसू नका. कोल्हापुरात सासुरवाडीचं कोणी असेल तर त्यालाच थेट पाठवा, जाताना सगळ्या मार्कलिस्टच्या झेरॉक्स दोन दोन प्रती.

चहाटळ
मेहुणा आहे का? त्याला या धाग्याची लिंक पाठवू नका फक्त.